वरून पडणारा उजेड आणि झाकोळलेले डोळे

सोलापुरात छायाचित्रणाचा व्यवसाय करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी काही छायाचित्रे घेऊन आली. बायकांनी हौसेने स्वतःसाठी काढून घेतलेली, शेजघरातली, मोजक्या वस्त्रांतली. या प्रकाराला ‘बूद्वार’ म्हणतात. तिने विचारले, “सर, यात तुम्हाला काही अश्लील वाटते का?” मी म्हणालो, अश्लीलतेचा निकाल मागाहून लावू, आधी उजेड कुठून आला ते पाहू.

बहुतेक चित्रांत दिवा थेट डोक्यावर होता. असा उजेड खांदे, छाती, कंबर यांना उठाव देतो. भुवयांची सावली मात्र डोळ्यांच्या खोबणीत साचते, नाकाची ओठांवर उतरते. म्हणजे शरीर दिसते, बाई दिसत नाही. हा निव्वळ तंत्राचा दोष आहे असे मी मानत नाही. कुणाचे काय दिसावे हे ठरवणारी जी नजर आपल्या समाजात वरून खाली येते, तिचीच ही सावली आहे.

‘बूद्वार’ हा फ्रेंच शब्द रुसणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. म्हणजे रुसायची खोली. कैकेयीला कोपभवन होते. पण गावकुसाबाहेरच्या, गिरणीच्या चाळीतल्या, विड्या वळणाऱ्या बाईला रुसायला कोपरा तरी कुठे होता? दार लावून घेण्याचा हक्क हीसुद्धा मालमत्ताच होय. छायाचित्रणाच्या इतिहासातही हीच वाटणी दिसते. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. तिथे पडदानशीन बायकांची छायाचित्रे बाईच काढी. त्याआधी, १८६८ ते १८७५ या काळात, इंग्रजी राजवटीने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे ८ खंड काढले, त्यांत माणसांच्या चित्रांखाली जातीजमातींची नावे छापली. एकीला भिंत मिळाली, दुसरीला जातीची चिठ्ठी.

अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या वेश्यावस्तीत ई. जे. बेलॉक याने १९१२ च्या सुमारास काढलेल्या चित्रांपैकी काहींच्या काचांवर बायकांचे चेहरे खरवडलेले आहेत. तिथे काच खरवडावी लागली. इथे तेच काम दिवा विनासायास करतो.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतील, आमच्या बाईच्या अंगाकडे फुकट पाहणारे काय कमी होते, म्हणून आता पैसे मोजून ही हौस करायची? हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत आणि दागिने बदलायला सांगितले, अस्पृश्यतेची खूण अंगावर वागवू नका असे बजावले. आपण कसे दिसावे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. ठरवणारी बाई स्वतः असेल तर या हौसेलाही मी नाव ठेवणार नाही.

आमच्या माळवदाच्या घरात साण्यातून असाच उजेड पडे. त्याखाली आई धान्य निवडत बसे. मान खाली, तोंड अंधारात. कुणी हाक मारली की मान वर करी आणि सगळा चेहरा उजळे. स्टुडिओतही हेच खरे. दिवा जरा पुढे घ्यावा, हनुवटी उचलावी, मांडीवर एखादा पांढरा सोलापुरी टॉवेल टाकावा. त्यावरून उजेड परततो आणि डोळ्यांतला काळोख फिटतो. उताणे निजवले तर वरचा दिवा समोरचा होतो खरा. पण त्या पवित्र्यात बाई अधिक उघडी, अधिक असहाय होते. म्हणून कसे बसायचे, कसे निजायचे, हे तिला आधी सांगितले पाहिजे आणि नको म्हणण्याची मुभा तिच्याकडे राहिली पाहिजे.

त्या गठ्ठ्यात एकच चित्र असे निघाले. मध्यमवयीन बाई, खांद्यावरून पदर ढळलेला, मान वर, दिव्याकडे रोखून पाहणारी. मी म्हणालो, हे चांगले आहे. बाकीची पुन्हा काढ. आणि काढण्यापूर्वी त्या बायांना विचार, ती कुणी पाहायची आणि कुणाजवळ राहायची.