ओवीचा सैलपणा

छंदोविवेचनात ओवीला बहुधा ‘अनियमित’ हे विशेषण लागते, आणि ते लावताना विवेचकाच्या स्वरात किंचित क्षमायाचनाही असते. चरणांची अक्षरसंख्या ठरलेली नाही, लघुगुरूंचा क्रम नाही, चौथा चरण तर आखूड राहून जातो. वृत्ताच्या कसोटीस लावली तर ओवी अपुरीच ठरते, ह्यात वाद नाही. वाद आहे तो ह्या अपुरेपणाला दोष म्हणावयाचे की नाही, ह्याविषयी.

बाराव्या शतकात, सुमारे ११२९ साली रचल्या गेलेल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. १२९० मध्ये तीच ओवी ज्ञानेश्वरांच्या हाती गीताटीकेचे वाहन झाली. श्रमगीतापासून तत्त्वचर्चेपर्यंतचे हे अंतर लहान नव्हे. एकनाथांकडे तिचे चरण लांबले, रामदासांकडे ती उपदेशाला जुंपली गेली, श्रीधराकडे कथा सांगू लागली. अभंगही तिच्यातूनच निघाला असे मानले जाते. उलट, शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९ अक्षरे हवीत, तीही ठरल्या लगक्रमानेच. तेथे एखादा नवा शब्द यावयाचा तर त्याला आधी मापात बसावे लागते. जात्यावरच्या ओवीने मोटार आणि बाबासाहेब आंबेडकर ह्यांना अशी कोणतीही परीक्षा न घेता आत घेतले. शब्द लांब असला तर चरण लांबला. आखूड असला तर गाणारीने ‘गं बाई’ घालून जागा भरली.

तथापि सैलपणा म्हणजे बंधनाचा अभाव, असे कोणी समजू नये. ज्ञानेश्वरांच्या ओवीत पहिल्या तीन चरणांचे यमक सहसा ढळत नाही, आणि त्यांच्यामागून येणारा निर्यमक, तोकडा चौथा चरण कानाला थांबा देतो. एवढे दोन खुंट पक्के आहेत म्हणूनच मधला दोर ढिला सोडता येतो. पंडितकवींच्या वृत्तांतही वैविध्य होते, पण ते वृत्तावृत्तांतील. एकाच वृत्ताच्या पोटात ते नव्हते. ओवीचे वैविध्य तिच्या पोटातच आहे.

ह्याची किंमतही मोजावी लागली. ज्या रचनेत नवे सहज मिसळते तीत प्रक्षेपही सहज मिसळतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी हाती घ्यावी लागली, ह्यात ओवीच्या ह्या स्वभावाचाही काही वाटा असावा. गणवृत्तात घुसडलेले अक्षर निदान मोजणीत तरी सापडते. पुढील काळातील पुष्कळशी आख्यानओवी यमक जुळवलेले गद्य झाली, हेही प्रांजळपणे म्हणावयास हवे.

परंतु पिठाच्या गिरणीने जात्याची घरघर बंद केली तेव्हा ओवी एकाच आश्रयावर उभी नव्हती. पारायणात ती होती, कीर्तनात होती. बहिणाबाई चौधरींच्या रचनांत ती शेताबांधावरची भाषा घेऊन आली, आणि ‘काही कविता’ (१९४७) ह्या संग्रहात मर्ढेकरांनी यंत्रयुगीन नगराची कुचंबणा सांगण्यासाठी ओवी-अभंगांच्याच वळणाकडे धाव घेतली. नवकवीला जुना छंद जवळचा वाटावा हे वरकरणी नवल आहे. खरे पाहता त्या छंदाने नवी भाषा अडवली नाही, इतकेच.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. अशा सामग्रीवर काम करणाऱ्या अभ्यासकास अक्षरे सारखी करण्याचा, ‘गं बाई’ गाळण्याचा, चार गायिकांच्या चार पाठांतून एक ‘शुद्ध’ पाठ निवडण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा मोह घातक आहे. ग्रंथाच्या पाठचिकित्सेत मूळ पाठाचा शोध योग्यच. पण जात्यावरच्या ओवीला बहुधा असा एक मूळ पाठ नसतोच. प्रत्येक गायिकेचा पाठ तिच्या गावासह स्वतंत्र छापावा, आणि अक्षरगणना करावयाचीच असल्यास ती तळटीपेत द्यावी.