शुद्धांना उघडणारे दार

देवळाली कॅम्पात वाढलेल्या माणसाला जगबुडीची कल्पना फारशी परकी वाटत नाही. तोफखान्याच्या सरावाचे धमाके ऐकतच आम्ही पाढे पाठ केले. (मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथे खितपत पडलेल्या गोऱ्या सोजिरांमुळे इंग्रजीत वेडसरपणाला आमच्या गावाचेच नाव मिळाले, हा आमचा जागतिक लौकिक!) म्हणून पुतण्या ‘गॅमा वर्ल्ड’ नावाच्या खेळाचे पुस्तक घेऊन आला आणि “काका, यात जग संपलंय, पण धमाल आहे,” असे म्हणाला, तेव्हा मी ते वाचायला घेतले.

हा खेळ १९७८ साली अमेरिकेत टी.एस.आर. कंपनीने काढला. जेम्स वॉर्ड आणि गॅरी जॅकेट हे त्याचे कर्ते. पुढे बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. २०१० ची तर उघडउघड विनोदी होती. दुर्मिळ झालेली पहिली आवृत्तीही आता मागणीप्रमाणे छापून मिळू लागली आहे. खेळ बोलण्यावर चालतो. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि पुढे काय घडते ते फासे ठरवतात. काळ पंचविसाव्या शतकातला. महायुद्धात जुनी संस्कृती नष्ट झालेली, किरणोत्सर्गाने प्राणी आणि माणसे पालटलेली. कोणाला चार हात, कोणाला दुसऱ्याच्या मनातले ऐकू येते. या अंगांची थट्टा होत नाही; तीच पात्रांची ताकद असते. ‘विकृत’ ठरवलेल्या देहाला नायकपण देणारा हा हसरा भाग मला मनापासून आवडला.

पण पात्र निवडताना एक वर्ग समोर येतो: ‘शुद्ध वंशाचा मानव’. त्याला उत्परिवर्तन नाही, म्हणून विशेष शक्तीही नाहीत. भरपाई म्हणून नियमाने त्याला एक सवलत दिली आहे. पूर्वजांची यंत्रे आणि पहारेकरी यंत्रमानव त्याला माणूस म्हणून चटकन ओळखतात. म्हणजे जग बुडाले, राज्ये बुडाली, देव बुडाले. दारावरचा पहारा मात्र शाबूत, आणि तो रक्त पाहून दार उघडतो!

नाशिककराला हे दार ओळखीचे आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला प्रारंभ झाला. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्या मागे हजारो माणसे त्या दारापुढे उभी राहिली, लढा वर्षानुवर्षे चालला, आणि दार उघडले नाही. तिथे पहारेकरी यंत्र नव्हते. माणसेच यंत्रासारखी वागत होती.

खेळात ‘वंशशुद्धीचे सरदार’ नावाची एक गुप्त संघटनाही आहे. पालटलेल्या माणसांना संपवणे हे तिचे ध्येय. लेखकांनी तिला खलत्व दिले आहे, आणि वाचकही बिनधास्त तिचा तिरस्कार करतो. इथेच माझा आक्षेप आहे. तलवार घेऊन येणारा शुद्धिवादी ओळखायला सोपा असतो. तीच शुद्धी नियमाच्या एका साध्या ओळीत बसलेली असते तेव्हा कोणालाच ती दिसत नाही. आपल्याकडचे पुरोगामीही दंगलखोराचा निषेध करतात आणि स्वतःच्या आडनावाने उघडलेल्या दारातून निर्धास्तपणे आत जातात. फरक इतकाच की खेळातली सवलत कशाच्या तरी बदल्यात आहे. जातीची सवलत कशाच्याही बदल्यात नाही. आणखी एक टोचते. सर्व जीवांचा बंधुभाव मानणारा एक पंथही खेळात आहे, पण तोही डझनभर गुप्त टोळ्यांपैकी एक! बंधुता ही एका टोळीची आवड असू शकते काय?

पुतण्याने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मग ती ओळ खोडून टाकू. सूत्रधाराला तेवढा अधिकार असतो.” मी नको म्हणालो. ओळ खोडली तर त्या जगातले दार सर्वांसाठी उघडे होते असा खोटा इतिहास तयार होईल. ओळ राहू दे, आणि शुद्ध मानव घेणाऱ्याला प्रत्येक दारापाशी मागे वळून आपल्या सोबत्यांची तोंडे पाहायला लाव.

“पण काका, शुद्ध मानव कोणी घेतच नाही,” तो म्हणाला. “सगळ्यांना चार हात हवेत.”

रविवारी त्यांच्या टोळीत एक जागा रिकामी आहे. माझे फासे टाकून झाले. पंख मिळाले आहेत, पण उडता येत नाही.