विकलं तर पैसे, नाहीतर माल परत : पास्टरनॅक यांचा पेपर नेमका कुणाचा प्रश्न सोडवतो?

सप्लाय चेनवर काम करायचं म्हटलं की काही पेपर टाळता येत नाहीत. बॅरी पास्टरनॅक यांचा १९८५ सालचा 'मार्केटिंग सायन्स'मधला पेपर त्यातलाच. न विकलेला माल उत्पादकाने दुकानदाराकडून कोणत्या भावाने परत घ्यावा, हा त्याचा विषय. पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण 'कन्साइनमेंटवर काम करायचंय' असं म्हणतात आणि पहिला संदर्भ याच पेपरचा देतात. पेपर उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या मते तो कन्साइनमेंटचा पेपर नाही, आणि हा फरक लक्षात आला नाही तर पुढचं सगळं गणित चुकीच्या माणसासाठी सोडवलं जातं.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझेच आहेत, हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडलेत. एक बचत गट दिवाळीसाठी चकलीची पाकिटं करतो. एका पाकिटाचा खर्च १२० रुपये. दुकानात ते ३०० ला विकलं जातं, त्यातले २४० गटाला आणि ६० दुकानदाराला. दिवाळी झाली की उरलेल्या पाकिटाची किंमत शून्य धरू.

गट आणि दुकान एकाच मालकाचं असतं, तर विकलेल्या पाकिटामागे १८० चा फायदा आणि उरलेल्यामागे १२० चा तोटा. १८० भागिले (१८० + १२०), म्हणजे ०.६. अर्थ असा की सगळी मागणी पुरी होण्याची शक्यता ६० टक्के असेल, इतका माल ठेवावा. हा वर्तमानपत्र विक्रेत्याचा जुना प्रश्न, एम.एस्सी.ला बहुतेकांनी केलेला असतो.

आता दुकानदार रोख २४० देऊन पाकिटं घेतोय आणि परतीची सोय नाही असं समजा. विकलं तर त्याला ६०, उरलं तर २४० चा फटका. गुणोत्तर ०.२ वर येतं, म्हणजे तो फारच कमी माल मागवणार. उलट, उरलेलं पाकीट गटाने पूर्ण २४० ला परत घेतलं, तर दुकानदाराला धोकाच नाही. गुणोत्तर १. तो हवा तेवढा माल मागवून ठेवेल. पास्टरनॅक मधला भाव काढतात. आपल्या आकड्यांत तो २०० येतो: २४० ला दिलेलं पाकीट २०० ला परत घ्यायचं. मग दुकानदाराचं गुणोत्तर ६० भागिले (६० + ४०), बरोबर ०.६. गंमत म्हणजे हे २०० काढताना मागणीचं वितरण कुठेच लागत नाही. म्हणजे शहरातल्या मोठ्या दुकानाला आणि गावातल्या छोट्या दुकानाला तीच अट देता येते. पेपरची खरी कमाई ही आहे, आणि अजूनही ती टिकून आहे.

पण या सगळ्यात किती माल ठेवायचा हे कोण ठरवतंय? दुकानदार. आणि तो आधी पैसे देतोय.

कन्साइनमेंटमध्ये यातलं काहीच होत नाही. माल दुकानात असतो, मालकी गटाची असते. दुकानदार विकल्यावर पैसे देतो. किती पाकिटं ठेवायची हे बहुतेक वेळा गटच ठरवतो, दुकानदार फार तर रॅकवर जागा किती आहे ते सांगतो. मग गणित गटाच्या बाजूने मांडायला हवं: विकलं तर १२० चा फायदा, उरलं तर १२० चा तोटा. गुणोत्तर ०.५, म्हणजे ०.६ पेक्षा कमी. बघा, दोन्हीकडे 'न विकलेला सगळा माल परत' हीच अट. पास्टरनॅकच्या मांडणीत तिच्यामुळे माल जास्त पडतो, कन्साइनमेंटमध्ये कमी. एकच अट, चूक उलट्या दिशेची. पास्टरनॅक यांचा यात दोष नाही, त्यांनी परतीच्या धोरणावरच लिहिलंय. दोष आहे तो गोषवारा वाचून संदर्भ देणाऱ्यांचा.

कन्साइनमेंटसाठी वाचायचा पेपर म्हणजे वांग, जियांग आणि शेन यांचा 'मॅनेजमेंट सायन्स'मधला २००४ चा. त्यात दुकानदार आधी विक्रीतला आपला वाटा जाहीर करतो, मग पुरवठादार किंमत आणि मालाचं प्रमाण दोन्ही ठरवतो. निर्णय ज्याचा त्याच्याकडे. त्यांचा निष्कर्ष असा: एकाच मालकाच्या व्यवस्थेच्या तुलनेत होणारं नुकसान मागणीची किंमत-लवचीकता वाढली की वाढतं, आणि एकूण खर्चात दुकानदाराचा हिस्सा जास्त असेल तर घटतं. आता आपल्या चकलीकडे या. भाजणी, तेल, पाकीट, मेहनत सगळं गटाचं. दुकानदाराची फक्त एक फळी. म्हणजे त्यांच्याच निष्कर्षानुसार घरगुती माल ही वाईट परिस्थिती. पेपरमधून हे थेट निघतं, आणि मला तो आवडतो तो यासाठीच.

माझी तक्रार वेळेबद्दल आहे. दोन्ही पेपर एका हंगामाचे आहेत. हंगाम संपतो, उरलेलं मोजलं जातं, पैसे त्याच क्षणी हातात. प्रत्यक्षात असं होत नाही हे आपल्या आजूबाजूला घरगुती पदार्थ करणाऱ्या कुठल्याही काकूंना विचारा. गटाकडे १२,००० रुपयेच आहेत असं धरा, म्हणजे १०० पाकिटं. कन्साइनमेंटवर ८० विकली गेली तर १९,२०० मिळतात, नफा ७,२००, तोही दिवाळीनंतर. तीच १०० पाकिटं एखाद्याने १८० ने रोख घेतली तर नफा ६,०००. कमी वाटतो ना? पण ते पैसे आठवड्यात परत आले आणि दुसरी खेप निघून तीही तशीच गेली, तर १२,००० झाले. पाकिटामागे २४० मिळतात की १८०, एवढंच बघणारं मॉडेल इथे उलटा सल्ला देतं.

कायद्याला मात्र घड्याळ कळतं. 'विका किंवा परत करा' या अटीवर दिलेला माल ठरलेल्या मुदतीत, मुदत ठरली नसेल तर वाजवी काळात, नाकारल्याचं न कळवता ठेवून घेतला तर मालकी घेणाऱ्याकडे जाते, असं १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २४ सांगतं. जीएसटीतही पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल विक्रीच्या वेळी किंवा माल निघाल्यापासून सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा करावंच लागतं. काळ हा चल कायद्यात आहे आणि मॉडेलमध्ये नाही, हे मला तरी खटकतं.

दुसरी गोष्ट दुकानदाराच्या मेहनतीची. ज्या मालात त्याचे स्वतःचे पैसे अडकलेत, तो डोळ्यांच्या उंचीवर. विकल्यावर पैसे द्यायचेत, तो खालच्या फळीवर. कॅशों आणि लारिव्हिएर यांनी २००५ च्या पेपरमध्ये ही मर्यादा प्रामाणिकपणे मांडली आहे: मागणी दुकानदाराच्या खर्चिक मेहनतीवर अवलंबून असेल, तर विक्रीत वाटा देणारा करार सहसा दोघांचं गणित जुळवू शकत नाही. त्यांच्या पेपरच्या शीर्षकातच 'मर्यादा' हा शब्द आहे. तो भाग वगळून वाचू नका.

आणि उरलेलं मोजतं कोण? सगळ्या मॉडेलांत उरलेला आकडा दोघांनाही माहीत असतो. दुकानात तो दुकानदार सांगतो. फुटलेली पाकिटं, उंदराने कुरतडलेली, 'चवीला दिली' म्हणून संपलेली, ही विकलेल्यात धरायची की परतीत?

यावर काम करायचं असेल तर डेटा शोधायला लांब जायला नको. गटांच्या चलन बुकात माल कधी दिला आणि किती, एवढं लिहिलेलं असतंच. पैसे कधी आले आणि परत काय आलं, हे दोन रकाने त्यांच्याकडून एका हंगामापुरते भरून घेता आले, तर २००४ च्या मॉडेलमध्ये वेळ घालून ते तपासता येईल. भाऊबीज झाल्यावर नव्हे, नवरात्रातच सुरुवात करावी लागेल, कारण चकल्या तेव्हाच दुकानात जायला लागतात.