कोल्हापूर ते नागपूर विमानाने १ तास २३ मिनिटं? या उत्तराची जरा चिकित्सा

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी प्रगती अहवालात एक तक्ता टाकला होता. राज्यातल्या विमानतळांच्या जोड्या, त्यांच्यातलं अंतर, उड्डाणाचा वेळ. सगळे आकडे नेटवरच्या कॅल्क्युलेटरमधून उचललेले. समितीतल्या मॅडमनी एकच विचारलं, "हा वेळ कशाचा आहे?" मला उत्तर देता आलं नाही. तक्ता गेला आणि त्यावर उभं केलेलं दीड महिन्याचं कामही गेलं.

म्हणून आज त्या कॅल्क्युलेटरचीच चिरफाड करू.

अंतराचा भाग तसा बरा असतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी ६३७१ किमी त्रिज्येचा गोल मानायचा आणि हॅवरसाइन सूत्र लावायचं. कोल्हापूर-नागपूरसाठी साधारण ७०२ किमी येतात. (महाराष्ट्र एक्स्प्रेसने हाच प्रवास केलेल्यांना हा आकडा थट्टा वाटेल.) पण पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, त्यामुळे गोल मानल्यावर ०.५ टक्क्यापर्यंत चूक होऊ शकते, म्हणजे इथे साडेतीन किमी. शिवाय नागपूरची धावपट्टीच ३.२ किमी लांब आहे. अशा वेळी उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत छापणं म्हणजे निव्वळ दिखावा.

खरी गडबड वेळेत आहे. काही साइट ताशी ८०० किमी वेग धरतात आणि चढणं-उतरणं म्हणून वर अर्धा तास मिळवतात. झाले १ तास २३ मिनिटं. पण हा वेग जेटचा! छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान येतं, ते ताशी ५०० च्या आसपास जातं. तोच अर्धा तास धरला तरी उत्तर १ तास ५४ मिनिटं. अंतर तेच, फरक अर्ध्या तासाचा, आणि साइटवर विमान कोणतं याचा उल्लेखसुद्धा नाही.

वाऱ्याचं तर कुणी नावच घेत नाही. समजा, ताशी ५० किमीचा वारा आहे. समोरून आला तर ७०० किमीला ९३ मिनिटं, मागून आला तर ७६. कॅल्क्युलेटर मात्र जाता-येता एकच वेळ देतो. आणि हो, जाण्या-येण्याची बेरीज जवळपास १७० मिनिटं होते, वारा नसता तर १६८ झाली असती. वारा "दोन्हीकडून कटाप" होत नाही. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं. स्वतः करून बघा, मुलाखतीत विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे. विमान हवेत असतं तो वेळ वेगळा आणि जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागी उभं राहीपर्यंतचा, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात, तो वेगळा. वेळापत्रकात दुसरा असतो. माझ्या तक्त्यात काही ओळी वेळापत्रकाशी जुळत होत्या, काही नव्हत्या, आणि मी जुळणाऱ्या बघून खूश होतो! उडान योजनेतही सुमारे एक तास म्हणजे ५०० किमी असं ढोबळ समीकरण आहे, पण ते भाड्याची मर्यादा ठरवण्यासाठी. ते उचलून प्रवासवेळेच्या विश्लेषणात घालणं चूक, आणि तीही मी केली होती.

नव्या तक्त्यात विमानाचा प्रकार आहे, वेळेचे दोन वेगळे रकाने आहेत आणि जिथे थेट विमानच नाही तिथे घर रिकामं आहे. रिकामी घरं बरीच झाली. मॅडमना ती चालली.