कितव्या दिवसाचं आहे?

लीड्समध्ये शिकत होते तेव्हा आम्ही चौघी एका भाड्याच्या घरात राहायचो, आणि त्या घरात सगळ्यात स्वस्त दारू कोणती या विषयावर अभ्यासापेक्षा जास्त संशोधन चालायचं. उत्तर सापडलं ते असं: सुपरमार्केटमधला सगळ्यात स्वस्त सफरचंदाचा रस साडेचार लिटर, यीस्टचं एक पाकीट आणि एक कप कडक, बिनदुधाचा चहा. चहा कशाला? तर डब्यातल्या रसाला तुरटपणा नसतो, तो चहातून येतो. तिकडचे हौशी लोक याला 'टर्बो सायडर' म्हणतात. रसात प्रिझर्व्हेटिव्ह नसला की झालं. नुसत्या रसाची साधारण सहा टक्क्यांची सायडर होते. वर दोनशे ग्रॅम साखर टाकली तर साडेआठपर्यंत जाते. चव? दोन आठवड्यांनी ओल्या पुठ्ठ्यासारखी, दोन महिन्यांनी बरी असते म्हणे. आमच्यातलं कुणी दोन महिने थांबलंच नाही. एकदा घाईघाईत काचेच्या बाटल्यांत भरली, तर रात्री अडीचला त्यातली एक फुटली. तेव्हापासून प्लास्टिक.

हे सगळं तिकडे कायदेशीर आहे, म्हणून इतक्या मोकळेपणानं सांगतेय. स्वतःला प्यायला हवी तेवढी आंबवा; विकायची नाही आणि भट्टी लावायची नाही, एवढंच. आधी तसं नव्हतं. १८८० च्या कायद्यानं घरी बिअर करायला परवाना लागायचा. १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यानं तो काढून टाकला. घरगुती वाईनला मात्र परवाना लागतच नव्हता, आणि त्या वाईनचं बायबल म्हणजे सी. जे. जे. बेरी यांचं १९६० सालचं 'फर्स्ट स्टेप्स इन वाईनमेकिंग'. सेकंडहँड दुकानात मला त्याची डाग पडलेली प्रत मिळाली. डाग बहुधा ब्लॅकबेरीचे असावेत.

पुस्तक गोड आहे. गाजराची वाईन, पार्सनिपची वाईन, डँडेलियनच्या फुलांची वाईन. कृती महिन्यांप्रमाणे लावलेल्या: या महिन्यात हे फूल, त्या महिन्यात ते फळ. युद्धानंतर १९५३ मध्ये ब्रिटनमधलं साखरेचं रेशनिंग उठलं होतं, आणि त्या सुटकेचा आनंद पानापानांत आहे. बेरींचा आवाज शेजारच्या काकांसारखा आहे; चूक झाली तर रागावणार नाहीत, पण तुम्ही बाटली नीट धुतली नाही हे त्यांना कळेल.

तरी वाचताना मला काहीतरी टोचत होतं. काय ते कळायला वेळ लागला. बेरी सारखे थांबायला सांगतात. आत्ता पिऊ नका, सहा महिने ठेवा, वर्षभर ठेवलीत तर उत्तम. ते याला धीर म्हणतात. पण वर्षभर बरण्या एका जागी ठेवायच्या तर आधी जागा लागते. बाग लागते, माळ्यावर हक्क लागतो, पुढच्या वर्षी आपण याच घरात असू याची खात्री लागते. आमच्या घरमालकाचा माणूस दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचा आणि त्या दिवशी आमची बरणी कपाटातून पलंगाखाली जायची. ज्याला बेरी धीर म्हणतात तो बराचसा घराचा सातबारा आहे. पुस्तक हे कुठेच म्हणत नाही, कारण त्याच्या वाचकाला ते सांगायची गरजच नाही.

ही शंका मला आली ती दुसरी एक कृती आधी वाचलेली होती म्हणून. ती आम्हाला वर्गात होती, कविता म्हणून. जार्विस जे मास्टर्स हा ती कविता लिहिली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगातला कैदी होता. तिथल्या एका पहारेकऱ्याच्या खुनाच्या कटात सामील असल्याबद्दल त्याला १९९० मध्ये देहदंड सुनावला गेला. आपण निर्दोष आहोत असं तो आजवर सांगत आला आहे. त्याच्या 'रेसिपी फॉर प्रिझन प्रूनो' या कवितेला १९९२ मध्ये पेन संस्थेचा पुरस्कार मिळाला. प्रूनो म्हणजे तुरुंगात चोरून केलेली दारू: सोललेली संत्री, डब्यातली फळं, साखरेचे खडे, केचप. सगळं पिशवीत कुस्करायचं, गरम पाण्याखाली धरायचं, टॉवेलात गुंडाळून लपवायचं. रोज पुन्हा ऊब द्यायची. दिवस मोजायचे ते हाताच्या बोटांवर.

कवितेची युक्ती सांगायला सोपी आहे. कृतीच्या दोन वाक्यांमध्ये न्यायाधीशाच्या निकालपत्राचं एक वाक्य येतं, मग पुन्हा कृती, पुन्हा निकाल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चतुराई वाटली, आणि चतुर कवितांबद्दल मला जरा संशय असतो. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की दोन्ही मजकुरांचं व्याकरण एकच आहे. कृतीही आज्ञा देते आणि निकालही. दोन्हींत क्रम आहे, मुदत आहे, आणि दोन्हींत कर्ता गायब आहे. माणसाला कसं मारायचं याचीही एक कृती असते, ती टप्प्याटप्प्यानं लिहिलेली असते, आणि ती वाचणारा आवाज स्वयंपाकाच्या पुस्तकाइतकाच शांत असतो. हे मास्टर्स समजावून सांगत नाही. तो दोन कागद नुसते एकमेकांत पिंजतो.

शेवटी गाळ काढून उरलेलं दोन कपांत ओतायचं असतं, आणि तिथेच न्यायाधीश त्याच्या आत्म्यासाठी देवाकडे दया मागतो. वर्गात सगळे त्या दयेवर बोलले. मला मात्र अजूनही दोन कपांचं कोडं आहे. एकट्या कोठडीत दुसरा कप कुणाचा? शेजारच्या कोठडीतल्याचा? आपल्याच उद्याचा? बेरींच्या पुस्तकात पाहुणे गृहीत धरलेले आहेत, म्हणून तिथे पेले मोजावे लागत नाहीत. इथे मोजावे लागतात. या कवितेतून न्यायाधीश काढून टाकला तर उरते ती एक गमतीदार, ओकारी आणणारी कृती, मित्रांना फॉरवर्ड करण्याजोगी. कायदा त्या कृतीतच मुरलेला आहे हे कवितेनं दाखवलं. बेरींनाही कायदा होताच. त्यांच्या बाजूचा होता, म्हणून दिसत नव्हता.

इथवरचा निबंध मी टर्मपेपर म्हणून लिहिला होता आणि त्याला बरे मार्कही पडले. मग २०१९ च्या डिसेंबरात पदवीदानासाठी आई आली.

गरम पाण्याच्या टाकीला लागून आमच्याकडे एक कपाट होतं, टॉवेल वाळवायचं. बरणी तिथेच असायची, थंडीत यीस्ट झोपू नये म्हणून. आईनं टॉवेल घ्यायला दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. मी सारवासारवीला सुरुवात केली: अगं, इथे चालतं, सायडर आहे, ज्यूससारखीच. तिचं लक्षच नव्हतं. तिनं बरणीजवळ कान नेला. वरच्या नळीतून बुडबुडे येत होते.

"कितव्या दिवसाचं आहे?" तिनं विचारलं.

"नवव्या."

"अजून बोलतंय. राहू दे."

रात्री मग तिनं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर आजोबांनी अंथरूण धरलं आणि आजीनं दोन वर्षं हातभट्टी लावली. हे मला माहीत नव्हतं. माझ्या बाबांनाही नव्हतं. काळा गूळ, नवसागर, पाणी, आणि मडकं उकिरड्यात पुरलेलं. उकिरड्यात का? एक तर तो आतून गरम असतो, आणि दुसरं म्हणजे तिथे आणखी एक वास आला तर कुणाला कळणार? सॅन क्वेंटिनचा टॉवेल, आमचं टाकीशेजारचं कपाट आणि आजीचा उकिरडा, तिन्हींचं काम एकच. आई तेव्हा नऊ वर्षांची. तिचं काम नाल्याच्या वळणावर शेळ्या घेऊन थांबण्याचं. जीप दिसली की शेळी हाकल्यासारखं ओरडायचं.

मी उत्साहानं तिला बेरींच्या पुस्तकातली एक कृती मराठीत वाचून दाखवली. तिनं शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "यात ओतून कुठं द्यायचं ते नाही लिहिलेलं."

आपल्याकडे हा तिसरा मजकूर रोज छापून येतो आणि त्याची समीक्षा कुणी करत नाही: जिल्हा पानावरची हातभट्टीवरच्या छाप्याची बातमी. तिचा साचा तुम्हालाही पाठ असेल. इतके लिटर कच्चं रसायन, इतके प्लास्टिकचे ड्रम, इतक्या किमतीचा मुद्देमाल, रसायन जागीच नष्ट, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा दाखल. 'रसायन' हा शब्द बघा. वैद्याच्या तोंडी तो आयुष्य वाढवणाऱ्या औषधाचा, हवालदाराच्या तोंडी आंबलेल्या गुळाचा. (आणि माझी हीच आजी म्हातारपणी रोज दोन चमचे द्राक्षासव घ्यायची. तेही आंबवूनच करतात, पाच ते दहा टक्के अल्कोहोल त्यात आपोआप तयार होतं, आणि ते औषधाच्या दुकानात राजरोस मिळतं.) बातमीही एक कृतीच असते, फक्त उलटी वाचायची: भांडी आहेत, मापं आहेत, साहित्य आहे. नसतो तो वेळ. ते रसायन कितव्या दिवसाचं होतं हे कोणत्याच बातमीत येत नाही. बेरी वर्षभर थांबतात, मास्टर्स तास मोजतो, आणि बातमीतली बाई नेहमी मुरायच्या आधीच पकडली जाते.

टर्मपेपरचा मोह इथे मला पुन्हा झाला. तिकडे बागेत केली तर छंद, इकडे उकिरड्यात केली तर गुन्हा, असं एक टाळ्यांचं वाक्य लिहून मोकळं व्हायचं. ते खोटं नाही. 'क्राफ्ट' हा शब्द आता आपल्या शहरांतही ज्यांच्याकडे फ्लॅट आहे त्यांनाच लागतो. हातभट्टी म्हणजे विष हे समीकरणही तपासायला हवं: २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली ती कारखान्यातल्या मिथेनॉलनं. गुळानं नव्हे, गूळ आंबवून मिथेनॉल जवळजवळ होत नाही. हे सगळं मी आईला ऐकवलं, जरा चढ्या आवाजात.

ती म्हणाली, "आमची दारू ज्याला जायची त्याची पोरगी शाळेत माझ्या शेजारी बसायची. सोमवारी तिच्या आईला काय झालंय ते मला तिच्या आधी कळायचं. कारण रविवारी किती गेली ते मला माहीत असायचं."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. आजही नाही. मास्टर्सच्या कवितेत दारू पिणारा आणि करणारा एकच आहे, म्हणून तिचा न्याय स्वच्छ राहतो. बेरींच्या पुस्तकात पिणारे जेवायला आलेले असतात आणि जेवून घरी जातात. आजीच्या कृतीत एक विकत घेणारा आहे आणि त्याच्या घरी एक बाई आहे. ती मी वाचलेल्या कोणत्याच मजकुरात नाही, बातमीतही नाही. माझा निबंध कायदा शोधत होता. त्या बाईच्या बाजूनं पाहिलं तर आईचं शेळ्यांवर ओरडणं कसं दिसतं, हे मला सुचलंच नव्हतं.

आईनं सायडर चाखली नाही. परत जाईपर्यंत रोज सकाळी कपाट उघडून कान लावायची मात्र. अठराव्या दिवशी म्हणाली, झालं बघ, गप्प झालं. मी मापकानं मोजलं. खरंच झालं होतं.

हे लिहू का, असं गेल्या महिन्यात तिला फोनवर विचारलं. आजीचं नाव टाकू नकोस, म्हणाली, गावाचंही नको, बाकी लिही. नवसागर किती घालायचा ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.