ओ लिहा, शून्य समजेल

वॉशिंग मशीन बंद पडलं की सर्व्हिसच्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवायला जावं, तर पहिलीच मागणी सिरीयल नंबरची. तो असतो मशीनच्या पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला, ओलीनं फिकटलेल्या स्टिकरवर. मान वाकडी करून, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात तो वाचायचा आणि त्याच मोबाइलवर टाइप करायचा. अशा अवघडलेल्या माणसाची कदर करणारी, नंबर लिहिण्याची एक रचना मला फार प्रिय आहे: डग्लस क्रॉकफर्डची ‘बेस ३२’. प्रोग्रामर मंडळी क्रॉकफर्डला ओळखतात ते ‘जेसन’ या माहिती लिहिण्याच्या पद्धतीमुळे. त्यापुढे हे काम छोटं, पण कारागिरी अव्वल.

इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० अंक मिळून ३६ चिन्हं. त्यातली चार त्यानं वगळली. आय आणि एल हे एकच्या आकड्यासारखे दिसतात, ओ शून्यासारखा. चौथं अक्षर यू. त्याचं दिसण्याशी काही वाकडं नव्हतं. नंबर आपोआप तयार होताना चुकून एखादा अभद्र शब्द उमटू नये, म्हणून ते गेलं. उरली ३२, म्हणजे दोनाचा पाचवा घात, आणि एका चिन्हात नेमके पाच बिट बसतात. डोळ्याची सोय आणि यंत्राची सोय एकाच हिशेबात साधली.

घोटाळ्याची अक्षरं टाळणं नवीन नाही. गाड्यांच्या १७ चिन्हांच्या व्हीआयएन या ओळख-क्रमांकातही आय, ओ आणि क्यू नसतात. खरी बहार आहे ती घेणाऱ्याच्या बाजूला. ओ कधी छापायचा नाही. पण कुणी टाइप केलाच, तर निमूटपणे शून्य समजायचं. आय किंवा एल आला तर एक. अक्षरं लहान असोत की मोठी, दोन्ही चालतात. मधले डॅश वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. दिले-न दिले सारखेच. छापताना काटेकोर आणि स्वीकारताना सैल, हा तोल मला विलक्षण सुंदर वाटतो. एरवी नंबर पेस्ट करताना शेवटी एक मोकळी जागा आली, तरी कित्येक अ‍ॅप लाल अक्षरांत ‘नंबर अवैध’ म्हणून मोकळी होतात. ती जागा गाळायला प्रोग्रामची एक ओळ पुरते. ती न लिहिणं हा मला सरळसरळ उद्धटपणा वाटतो.

कीबोर्डचंही तसंच. नंबरात अक्षरं असतील तर नुसता अंकांचा कीबोर्ड कामाचा नाही, आणि ऑटोकरेक्ट बंदच हवं. सिरीयल नंबर आकडा म्हणून साठवला की सुरुवातीची शून्यं गळतात. तो मजकूर म्हणूनच ठेवावा.

सैलपणाला राखण लागते, ती बाकीच्या चिन्हांवरून हिशेबानं ठरणाऱ्या शेवटच्या तपासणी-चिन्हाची. मोबाइलच्या १५ अंकी आयएमईआयला लून पद्धतीचा तपासणी-अंक असतो; तो एका अंकाची कुठलीही चूक पकडतो, पण शेजारच्या ० आणि ९ ची अदलाबदल त्याच्या नजरेतून सुटते. १९६९ मध्ये फेरहूफनं मांडलेली पद्धत तीही पकडते. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीपासून वाटायला सुरुवात झालेल्या आधार क्रमांकाचा बारावा अंक याच पद्धतीनं ठरतो. क्रॉकफर्ड नंबराला ३७ नं भागून उरलेल्या बाकीवर भिस्त ठेवतो. ३७ ही मूळ संख्या असल्यानं एक चिन्ह चुकलं किंवा शेजारची दोन उलटसुलट झाली, तरी हिशेब जुळत नाही.

एक उणीव मात्र मला टोचते. बी आणि ८, एस आणि ५, झेड आणि २ या जोड्या त्यानं तशाच ठेवल्या. झिजलेल्या स्टिकरवर नेमक्या त्याच दगा देतात. पण हीच राखण तिथंही कामी येईल. हिशेब जुळला नाही, तर अ‍ॅपनं स्वतःच अशा जोड्यांतली चिन्हं एकेक करून बदलून पाहावीत. जुळणारा एकच पर्याय निघाला, तर पूर्ण नंबर पुन्हा मागू नये; त्या जागेवर बोट ठेवून एवढंच विचारावं: इथे ८ आहे की बी?