टक्स पेंट आणि प्राथमिक अभ्यासक्रम : बालचित्रकला सॉफ्टवेअरचा चिकित्सक परामर्श

संगणकावर मुलांनी चित्रे काढावीत ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. ओरेगॉन विद्यापीठात कला विषय शिकविणारे क्रेग हिकमन यांनी १९८९ मध्ये 'किड पिक्स' तयार केले. प्रौढांसाठी बनविलेले 'मॅकपेंट' हाताळताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाची होणारी अडचण हे त्यामागील निमित्त होते. २००२ मध्ये बिल केंड्रिक यांनी याच धर्तीवर 'टक्स पेंट' हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. ते विनामूल्य आहे, साध्या संगणकावरही चालते आणि मराठीतूनही वापरता येते. साहजिकच आपल्याकडील प्राथमिक शाळांच्या संदर्भात त्याचा विचार अगत्याचा ठरतो.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० या दोहोंनी कलेचा संबंध इतर विषयांच्या अध्ययनाशी जोडला आहे. या भूमिकेचा आधार घेऊन भाषा, गणित, परिसर अभ्यास अशा सर्व विषयांत असे सॉफ्टवेअर वापरावे, असे सुचविले जाते. सूचना योग्यच आहे. परंतु पडद्यावर चित्र उमटले म्हणजे चित्रातून अध्ययन घडले, हे गृहीतक मात्र तपासून पाहावे लागते. चित्र काढताना मूल अनेक लहानमोठे निर्णय घेत असते : काय दाखवायचे, किती मोठे, कशाच्या शेजारी, काय वगळायचे. अध्ययन या निर्णयांत असते. हे निर्णय साधनाने परस्पर घेतले तर चित्र देखणे होते, पण मुलाच्या वाट्याला फारसे काही येत नाही.

टक्स पेंटमधील गवताचे साधन या दृष्टीने उद्बोधक आहे. चित्रफलकाच्या तळाशी माउस फिरविल्यास गवत मोठे उमटते, वरच्या बाजूस लहान. दूरचे लहान व जवळचे मोठे हा यथार्थदर्शनाचा नियम येथे आज्ञावलीतच बसविलेला आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या ग्रंथात वर्णिलेल्या अवस्थांनुसार साधारण सात ते नऊ वर्षांचे मूल घर, झाड, माणूस असे सारे एका आधाररेषेवर उभे करते. ती त्या वयाची स्वतःची अवकाशव्यवस्था असते. तिच्या मागे सॉफ्टवेअरने प्रौढांच्या दृष्टीतील कुरण पसरून दिले, तर दुसरीतल्या मुलाचा प्रश्न सुटत नाही; तो त्याला पडण्यापूर्वीच पुसला जातो.

तयार शिक्क्यांबाबतचा आक्षेप अधिक गंभीर आहे. परिसर अभ्यासात पानाचे चित्र काढण्याचा हेतू पान नीट पाहणे हा असतो. शिरा कोठून फुटतात, कडा करवती आहेत की सरळ, हे हाताने रेषा ओढल्याखेरीज डोळ्यांना दिसत नाही. प्राण्याचा वा फळाचा शिक्का एका क्लिकमध्ये उमटतो आणि निरीक्षणाचा सारा भाग गळून पडतो. रेखाटन आधीच दिलेल्या 'स्टार्टर' चित्रांना लोवेनफेल्ड यांनी रंगवायच्या पुस्तकांवर घेतलेला आक्षेप जसाच्या तसा लागू होतो. येथे तर खोडरबर फिरवूनही ती बाह्यरेषा नाहीशी करता येत नाही. शिक्के बंद ठेवण्याची सोय या सॉफ्टवेअरच्या मांडणीत (सेटिंग्जमध्ये) आहे, ही जमेची बाजू. ती शाळेत कोणी वापरते का, हा वेगळा प्रश्न!

गणिताच्या संदर्भात मात्र चित्र पालटते. चौरसाचे साधन निवडताच पडद्याच्या तळाशी त्याची व्याख्या येते आणि तीत चौरसाला चार समान बाजू असलेला आयत म्हटलेले असते. ही व्याख्या निर्दोष आहे. पण प्राथमिक वर्गात चौरस व आयत बहुधा दोन स्वतंत्र आकार म्हणून ओळखले जातात. व्हॅन हीले यांच्या विचारपातळ्यांनुसार एका आकाराचा दुसऱ्यात अंतर्भाव समजणे ही बरीच पुढची पायरी आहे. तेव्हा ते वाक्य केवळ वाचून घेण्यात अर्थ नाही. आयताचेच साधन घेऊन त्यातून चौरस काढून दाखविण्यास सांगितले, तर मूल बाजू ताणत, आवळत त्या व्याख्येपर्यंत स्वतः पोहोचू शकते. सिमोर पॅपर्ट यांच्या 'लोगो'मध्ये चौरस काढण्यासाठी चार वेळा पुढे जाऊन चार वेळा काटकोनात वळावे लागे. टक्स पेंटमध्ये तेवढे कष्ट नाहीत, म्हणून ते कष्ट शिक्षकाने कृतीत योजावे लागतात.

सममितीचेही तसेच आहे. सममितीच्या साधनाने फुलपाखराचे दोन्ही पंख एकदमच उमटतात. चुकण्यास वावच राहत नाही. आधी दुसरा पंख अंदाजाने काढून मग प्रतिबिंबाच्या साधनाने चित्र उलटविले, तर दोन पंखांतील तफावत मुलाला स्वतःला दिसते.

मूल्यमापनाची अडचण याहून निराळी आहे. कागदावर खोडल्याच्या खुणा राहतात व शिक्षकाला मुलाचा विचार त्यांतून वाचता येतो. पडद्यावर 'पूर्ववत' केलेली रेषा मागमूस ठेवत नाही. आधी जतन केलेले चित्र पुन्हा जतन करताना टक्स पेंट ते जुन्यावर लिहायचे की नवे करायचे, असे विचारते. प्रत्येक टप्प्यावर नवे चित्र करण्याची सवय लावली, तर 'स्लाइड्स' या सोयीने सारे टप्पे क्रमाने पाहता येतात. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढताना एखाद्या मुलाने शाळा आधी मांडली की घर, वाटेवरचा ओढा पहिल्या चित्रात होता की शेजाऱ्याचे पाहून तिसऱ्यात आला, हे तेथे दिसू शकते.